सेवेचा थकवा आणि संस्थाप्रमुखांची शाळा

महिनाअखेरची रात्र. साडेदहा वाजून गेले आहेत. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचा निरोप येतो : ‘उद्या सकाळी नऊपर्यंत सगळ्या गावांचे फोटो आणि लाभार्थींच्या याद्या पाठवा. वरून मागणी आहे.’ सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या गावात राहणारी कार्यकर्ती दिवसभर तीन गावे फिरून, घरचा स्वयंपाक आवरून नुकतीच आडवी झालेली असते. ती ग्रुपवर अंगठा दाखवते आणि वह्या काढून बसते. महिन्याला तिच्या हातात पडते ते ‘मानधन’. पगार हा शब्द वापरला की रजा, भविष्य निर्वाह निधी, कामाचे तास असे प्रश्न मागोमाग येतात; मानधन म्हटले की येत नाहीत.

हे दृश्य कुठल्या एका संस्थेचे नाही. ग्रामीण महाराष्ट्रात सामाजिक काम जवळून पाहिलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. आणि यात कोणी खलनायकही नाही. सरांना तो निरोप रात्री दहाला आलेला असतो, प्रकल्पाचा पुढचा हप्ता त्याच याद्यांवर अडलेला असतो आणि बऱ्याचदा त्यांनी स्वतः दोन-तीन महिने एक रुपयाही घेतलेला नसतो.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पाच तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाख लोकसंख्या, आणि त्यातले सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत. हळद, सोयाबीन, कापूस आणि ऊसतोडीला जाणे हीच अनेकांची उपजीविका. मोठे कारखाने फारसे नाहीत. अशा जिल्ह्यात स्वयंसेवी संस्था नुसती सेवा करत नाहीत, रोजगारही देतात. गाव सोडून जाणे शक्य नसलेल्या शिकलेल्या मुलीसाठी किंवा समाजकार्याची पदवी घेतलेल्या तरुणासाठी तालुक्यातली संस्था ही पहिली नोकरी असते. तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र एक सेवाभावी संस्था चालवते. कयाधू नदीच्या पुनरुज्जीवनासाठी उमऱ्याच्या ‘उगम’ने काम केले. पाणलोट, बचत गट, आरोग्य, शिक्षण, ऊसतोड कामगारांची मुले अशा कितीतरी कामांमागे संस्थांची माणसे आहेत. या माणसांच्या प्रकृतीची चौकशी मात्र सहसा कोणत्याच अहवालात नसते.

खरे तर ‘बर्नआउट’ हा शब्द आपण आज आयटी कंपन्यांशी जोडत असलो तरी त्याची वैद्यकीय ओळख एका मोफत दवाखान्यात झाली. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस आणि संध्याकाळनंतर व्यसनाधीन, बेघर तरुणांसाठीच्या मोफत दवाखान्यात काम, असा त्यांचा क्रम होता. तिथले स्वयंसेवक काही महिन्यांत बदलत जाताना त्यांनी पाहिले. सतत थकवा, डोकेदुखी, झोप उडणे, लहानसहान गोष्टींवर चिडणे, आणि ज्यांच्यासाठी काम करायचे त्याच लोकांबद्दल कडवट बोलणे. तीच लक्षणे त्यांना स्वतःतही दिसली. १९७४ साली त्यांनी यावर लेख लिहिला. त्यातले निरीक्षण आजही महत्त्वाचे आहे : या अवस्थेला कामचुकार माणूस सहसा पोचत नाही, सर्वाधिक झोकून देणारा पोचतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या नेमकी केली. शक्ती संपून जाणे, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याबद्दल तुच्छता वाटू लागणे, आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना, ही त्याची तीन अंगे. संघटनेने त्याला आजार म्हटलेले नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटले आहे. हा फरक शब्दांचा खेळ नाही. आजार म्हटले की उपाय माणसावर करायचा. कामाशी निगडित म्हटले की आधी काम तपासायचे.

काम तपासण्याची एक सोपी मोजपट्टी रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडली. कामाचा भार किती आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मोकळीक किती, या दोन गोष्टी एकत्र पाहायच्या. भार जास्त आणि मोकळीक भरपूर असेल तर माणूस दमतो, पण शिकतो. भार जास्त आणि मोकळीक शून्य असेल तर शरीर बिघडू लागते. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या दीर्घकालीन अभ्यासात खालच्या श्रेणीतल्या लोकांना हृदयविकार जास्त होत असल्याचे दिसले. कामावर ताबा नसणे हे त्याचे एक मोठे कारण निघाले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी वाढतो. तुलना आहे ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी. संस्थेत काम करणाऱ्या माणसाचे तास मात्र कोणी मोजतच नाही. गावातली बैठक रात्री आठला, कारण लोक शेतातून तेव्हा परततात. शिबिर रविवारी, कारण त्या दिवशी सगळे मोकळे असतात. दोन्ही कारणे खरी आहेत. पण रविवारच्या बदल्यात मंगळवार कोणी देत नाही.

अशा वेळी संस्थांना सुचणारा उपाय ठरलेला असतो : वर्षातून एकदा ताणमुक्तीवर व्याख्यान, एक योगासनांचे सत्र, शेवटी चहा-बिस्किटे. योग वाईट नाही, पण त्याच्याकडून ही अपेक्षा चुकीची आहे. ब्रिटनमधील विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३३ आस्थापनांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानधारणा, ताण व्यवस्थापनाचे वर्ग, मोबाइल ॲप अशा एकेकट्या माणसावर करायच्या उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात लक्षणीय फरक दिसला नाही. अपवाद एकच, आणि तो गमतीशीर आहे : स्वयंसेवी काम करण्याची संधी मिळालेल्यांना थोडे बरे वाटत होते. ज्यांचे कामच स्वयंसेवी आहे त्यांना या औषधाचा उपयोग कितपत, हा प्रश्न उरतोच.

मग फरक कशाने पडतो? २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षण जवानांना नाही, त्यांच्या वरिष्ठांना देण्यात आले, तेही फक्त चार तासांचे. हाताखालच्या माणसाची मनःस्थिती ठीक नाही असे वाटले तर बोलणे कसे काढायचे, काय बोलू नये, रजेवर असलेल्याशी संपर्क कसा ठेवायचा, एवढाच विषय. सहा महिन्यांनी ज्यांच्या वरिष्ठांनी प्रशिक्षण घेतले होते त्या जवानांची कामाशी निगडित आजारपणाची रजा कमी झालेली दिसली. प्रशिक्षणावर खर्च केलेल्या प्रत्येक पौंडामागे सुमारे दहा पौंड वाचले. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यातही कामाच्या रचनेत बदल आणि व्यवस्थापकांचे प्रशिक्षण या दोन्हींची शिफारस आहे.

म्हणजे शाळेत आधी बसायचे ते संस्थाप्रमुखाने. इथेच अडचण आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात संस्था उभी करणारा माणूस बहुधा चळवळीतून, शिक्षकी पेशातून किंवा थेट गावातून आलेला असतो. त्याला पाणलोट कळतो, ग्रामसभा कळते, कलेक्टर कचेरीतली फाइल कशी हलते हे कळते. प्रस्ताव लिहायला तो धडपडून शिकतो. पण दहा-पंधरा माणसांचा ‘मालक’ म्हणून कसे वागायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. मालक हा शब्दच त्याला अपमान वाटतो. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य त्याच्या तोंडी असते. कुटुंबात रजेचा अर्ज नसतो, तक्रारपेटी नसते, आणि थोरल्या भावाला उलट बोलता येत नाही. ज्या संस्थेत हे वाक्य फार वेळा ऐकू येते तिथे नियम लिहून ठेवण्याची गरज जास्त असते.

अशा प्रशिक्षणात काय असावे, हे हिंगोलीच्या उन्हातच पाहिले तर लवकर कळते. समजा, औंढा नागनाथ तालुक्यात काम करणाऱ्या संस्थेची कार्यकर्ती मे महिन्यात दुपारी बाराला दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर आहे. पारा ४२ अंशांच्या वर. सकाळी घरून निघाल्यापासून तिने जेमतेम अर्धा तांब्या पाणी घेतले आहे, कारण पाणी प्यायले तर जायचे कुठे? अंगणवाडीला कुलूप, शाळेला सुट्टी, ग्रामपंचायतीचे स्वच्छतागृह वापरण्याजोगे नाही. पाणी कमी पिणे आणि लघवी रोखून धरणे यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, मूतखड्याची शक्यता वाढते, उन्हात चक्कर येते. तिने हे सरांना सांगितलेले नाही. सर पुरुष आहेत, आणि ‘फील्ड म्हटल्यावर थोडे सोसावे लागते’ हे उत्तर तिला आधीच माहीत आहे.

याच्यावर खर्चिक उपाय लागत नाही. एप्रिल-मेमध्ये गावभेटी सकाळी अकराच्या आत किंवा चारनंतर ठेवायच्या. प्रत्येक मार्गावर स्वच्छतागृह वापरू देणारे एक घर किंवा उपकेंद्र ठरवून त्याची यादी करायची. दिवसाला तीनऐवजी दोन गावे. पण हे ठरवायला प्रमुखाला प्रश्न विचारता आला पाहिजे, आणि उत्तर मिळेल अशी जागा निर्माण करता आली पाहिजे. प्रशिक्षणाचा मोठा भाग या सरावाचा असतो : ‘काही अडचण आहे का?’ असे सगळ्यांसमोर विचारले की ‘नाही सर’ हेच उत्तर येते. ‘कालचा दिवस सकाळपासून सांगा’ असे एकटीला, दुसऱ्या बाईसमोर विचारले की मार्ग, ऊन, पाणी, गाडीचे पंक्चर, सरपंचाच्या घरचे टोमणे हे सगळे आपोआप बाहेर येते. ऐकताना मध्ये उपाय न सुचवणे हे कार्यकर्त्यांच्या नेत्याला सर्वांत जड जाते. आयुष्यभर त्याने उपायच सांगितलेले असतात.

दुसरा भाग समावेशाचा. कागदावर संस्था सर्वांच्याच असतात. बैठकीत कोण खुर्चीवर बसते आणि कोण सतरंजीवर, चहा दर वेळी कोण करते, बांजारा तांड्यावरून आलेल्या किंवा आंध आदिवासी समाजातल्या तरुणाला ‘तुमच्याकडचे गाव तुम्हीच बघा’ असे सांगून कायम त्याच गावात ठेवले जाते का, अहवाल लिहिण्याचे आणि पुण्या-मुंबईच्या बैठकीला जाण्याचे काम कोणत्या आडनावांकडे जाते, हे पाहिले की खरी स्थिती समजते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने अपंगत्वाचे ७ ऐवजी २१ प्रकार मान्य केले आणि आस्थापनांनी समान संधीचे धोरण जाहीर करावे असे सांगितले. किती संस्थांच्या कार्यालयाचा जिना एखाद्या कुबडी घेतलेल्या माणसाला चढता येईल, हे संस्थाप्रमुखाने स्वतःच्या दारात उभे राहून पाहावे.

या बाबतीत महाराष्ट्राकडे स्वतःचा जुना धडा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावागावांतून निवडलेल्या आरोग्य कार्यकर्त्या वेगवेगळ्या जातींच्या होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. प्रशिक्षणासाठी त्या केंद्रावर एकत्र राहत, एकत्र जेवत. सुरुवातीला ते सोपे गेले नाही. पण जातीपातीवरचे व्याख्यान जे करू शकले नसते ते एका पंगतीने आणि एका छपराने हळूहळू केले. विहिरींच्या जागा ठरवतानाही दलित वस्तीला प्राधान्य मिळाले, म्हणजे पाण्यासाठी बाकीच्यांना तिकडे यावे लागले. पुढे याच बायका बाहेरून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना शिकवू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. व्यवस्थापनाच्या भाषेत याला ‘समावेशक कार्यस्थळ’ म्हणतील. जामखेडमध्ये ती कामाची रोजची पद्धत होती, वेगळा उपक्रम नव्हता.

आजचे संशोधनही याच दिशेला बोट दाखवते. अमेरिकेतल्या ७०८ खासगी आस्थापनांची तीन दशकांची माहिती तपासून ॲलेक्झांड्रा कालेव, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी २००६ मध्ये दाखवले की विविधतेवरच्या नुसत्या प्रशिक्षणाने वरच्या पदांवरचे चित्र फारसे बदलत नाही. एखाद्या व्यक्तीवर किंवा समितीवर ठरावीक जबाबदारी टाकली तर बदलते. म्हणून एकदाच्या कार्यशाळेने समाधान मानू नये. संस्थेत कोणती गोष्ट, कोणी, कधीपर्यंत बदलायची हे लिहून घेऊन तीन महिन्यांनी पुन्हा बसले तरच त्या दिवसाचा खर्च वसूल होतो.

एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांचा अभ्यास करताना त्यांना एक कोडे पडले होते. ज्या विभागांत परिचारिकांचे काम चांगले चालते तिथे औषध देण्यातल्या चुका जास्त नोंदलेल्या होत्या. उलगडा असा झाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. तक्रार न येणे हे संस्था निरोगी असल्याचे लक्षण मानणाऱ्या प्रमुखांनी हे लक्षात ठेवावे.

तक्रारीचा सर्वांत गंभीर प्रकार लैंगिक छळाचा, आणि त्याविषयीच्या भारतीय कायद्याचे मूळही सामाजिक कामातच आहे. भंवरीदेवी या राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या ‘साथिन’ होत्या, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या. बालविवाह थांबवण्याचे काम केल्यामुळे १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखा मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१३ मध्ये कायदा आला. कंपन्या तो आता बऱ्यापैकी ओळखतात. स्वयंसेवी संस्थांना तो आपला वाटत नाही, जरी कायद्याच्या व्याख्येत संस्था, ट्रस्ट आणि सोसायट्या स्पष्ट शब्दांत आहेत. मोबदला न घेणारी स्वयंसेविकाही त्यात ‘कर्मचारी’ ठरते, आणि कामानिमित्त जावे लागते ते प्रत्येक ठिकाण, संस्थेने दिलेल्या वाहनासह, ‘कामाचे ठिकाण’ ठरते. म्हणजे तांड्यावरची बैठक आणि परतीची जीपही.

दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक आहे. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला सदस्य चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा, बहुधा स्वयंसेवी क्षेत्रातला. दुसऱ्यांच्या समितीवर बाहेरचे सदस्य म्हणून बसणाऱ्यांनी आपल्याच संस्थेत समिती आहे का, हे एकदा पाहून घ्यावे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. समिती न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

ग्रामीण जिल्ह्यात खरी खाच दहाच्या खालच्या संस्थांची आहे. पाच-सात माणसांच्या संस्थेत समिती नसते आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तो कदाचित स्वतः सचिवच असतो. यासाठी कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती सांगितली आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणातून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये अंमलबजावणीतल्या त्रुटींवर कडक शब्दांत बोट ठेवले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा अधिकारी व स्थानिक समित्या नेमण्यासाठी मुदती घालून दिल्या. संस्थेच्या भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरींशेजारी या समितीचा पत्ता आणि फोन लावायला एक कागद पुरतो.

पैशाचा प्रश्न उरतो, आणि तो खोटा नाही. परदेशी देणगी कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. देशी देणगीदारांनाही शेततळ्याचा फोटो हवा असतो; कार्यकर्त्यांच्या आरोग्य विम्याचा फोटो काढता येत नाही. प्रकल्प वर्षाचा, माणसाची नेमणूक अकरा महिन्यांची, हप्ता दोन महिने उशिरा. असे असताना बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा हा शब्द उच्चारणेही लहान संस्थेला धाडसाचे वाटते, मग ती २०१७ पासून कायद्यात असली तरी. म्हणून प्रशिक्षणात देणगीदारांशी बोलण्याचाही सराव हवा : प्रस्तावातच बदली माणसाचा खर्च, विमा आणि प्रवासाचा खरा भत्ता लिहिणे, आणि रात्री दहाला आलेल्या मागणीला ‘परवा दुपारपर्यंत देतो’ असे उत्तर देणे. एकट्या संस्थेला हे जमत नाही. जिल्ह्यातल्या आठ-दहा संस्थांच्या प्रमुखांनी महिन्यातून एक दुपार एकत्र बसायचे ठरवले तर जमू शकते. सभागृह कोणाचे तरी असतेच, आणि बाहेरचा पाहुणा वक्ता दर वेळी लागत नाही.

अशा बैठकीचा एक फायदा आणखी आहे. संस्थाप्रमुख हा संस्थेतला सर्वांत एकटा माणूस असतो. त्याने दमलो म्हटले तर खालचे घाबरतात आणि वरचे निधी काढून घेतात, असे त्याला वाटते. त्याच्या पातळीवरचा दुसरा माणूस तालुक्यात तोच : शेजारच्या संस्थेचा प्रमुख, ज्याच्याशी एरवी प्रकल्पांवरून स्पर्धा असते.

झोप न लागणे, अकारण रडू येणे, लोकांचा तिटकारा वाटणे, दारूचे प्रमाण वाढणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे यांपैकी काहीही दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर ते ‘कामाचा ताण’ म्हणून सोडून देऊ नये. स्वतःला इजा करण्याचा विचार आला तर तेवढीही वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येते. सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. कार्यकर्ते हा क्रमांक गावोगाव लोकांना सांगतात. तो लावायला त्यांनाही हरकत नाही.